मास्तर, बाई आणि मोबाईल: मानवी हक्क शिकवण्यासाठी सोशल मीडियाचं ट्रेनिंग, सातारा-सांगलीकडून सारखे येणारे प्रश्न

शिबिराच्या आधी, नंतर, केंद्र परिषदेच्या चहाला आणि कधीकधी तर रात्री साडेदहाला फोनवर जे प्रश्न येतात ते सगळे एकदाचे इथं टाकतोय. क्रम वगैरे काही नाही, जसे आठवले तसे लिहिलेत. आम्ही सात-आठ जण सगळे शिक्षकच, सुट्टी बघून दोन दिवसांचं शिबिर घेतो, कधी साताऱ्यात कधी सांगलीत, कधी कुणाच्या तरी शाळेच्या व्हरांड्यात. तज्ज्ञ कुणी नाही आमच्यात, चुका मात्र भरपूर करून झाल्यात आणि त्यातल्या काही खाली कबूलही केल्यात.

सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्क आहेतच की, मग वर आणि हे कशाला?

आहेत ना, आणि पोरं पाठ पण करतात. समानतेचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, शोषणाविरुद्धचा हक्क धडाधड म्हणून दाखवतात, आणि मधल्या सुट्टीत त्याच वर्गातल्या एखाद्या पोराच्या फोटोला गाढवाचे कान लावून दादाच्या मोबाईलवरून गल्लीच्या ग्रुपवर सोडतात. आता सांगा, हा धडा पुस्तकात कितव्या पानावर आहे?

संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाचा एक जाहीरनामा केला, त्यात तीन गोष्टी सांगितल्यात: हक्कांबद्दल शिकवा, हक्क पाळत पाळत शिकवा आणि हक्कांसाठी उभं राहायला शिकवा. पहिलं आपण करतो, परीक्षेत येतं म्हणून. दुसऱ्यावर आपण सगळे नापास आहोत, मी धरून. आणि ते दुसरं सगळ्यात जास्त दिसतं कुठं तर शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, म्हणून हे शिबिर.

म्हणजे तुम्ही पोरांना इन्स्टाग्राम वापरायला शिकवणार?

नाही ओ. हे शिक्षकांचं ट्रेनिंग आहे. इन्स्टाग्राम आणि फेसबुकच्या स्वतःच्या नियमात १३ च्या खाली अकाउंटच चालत नाही, त्यामुळं पाचवी-सहावीच्या पोरांना अकाउंट काढून द्यायचा प्रश्नच येत नाही. पण ती नाहीतच तिथं असं समजून चाललात तर फसाल, दादाचं, मामाचं, आईचं अकाउंट असतं आणि चालवतं हेच कार्टं. आम्ही शिकवतो ते एवढंच की शिक्षकानं या माध्यमातून काय दाखवायचं, काय अजिबात टाकायचं नाही, आणि पोरांच्या मोबाईलमध्ये जे चाललंय ते वर्गात बोलायला कसं आणायचं.

दोन दिवस नेमकं करता काय?

पहिल्या तासाला आम्ही काहीच शिकवत नाही. प्रत्येकानं आपला फोन काढायचा, गॅलरीत आणि शाळेच्या ग्रुपवर मागच्या महिनाभरात टाकलेले मुलांचे फोटो मोजायचे, आणि त्यातल्या किती फोटोंना मुलाला विचारलं होतं ते कागदावर लिहायचं. नाव घालायचं नाही. आत्तापर्यंत बहुतेक कागदांवर शून्यच आलाय. एकदा एका बाईंनी शून्याच्या पुढं लिहिलं होतं "पण ती हसत होती", आणि मग त्या एका वाक्यावर दीड तास चर्चा झाली.

नंतर मग कायदा थोडा, फोनच्या सेटिंग बऱ्याच, अफवा ओळखायचा सराव, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं एक पाठ तयार करून बाकीच्यांसमोर घ्यायचा. भाषणं कमी. जेवण मात्र वेळेवर असतं, त्याबाबतीत आमचं रेकॉर्ड चांगलं आहे.

शाळेच्या ग्रुपवर, फेसबुकवर मुलांचे फोटो टाकायचे की नाही, एकदाच काय ते सांगा

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि याचं उत्तर मोठं आहे, थांबा जरा.

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका मुलीला एका दात्यानं सायकल दिली. मी फोटो काढला, सायकल, मुलगी, दाते, मुख्याध्यापक, हार, सगळं आलं फ्रेममध्ये. खाली लिहिलं, गरीब व होतकरू विद्यार्थिनी, वडिलांचं छत्र हरपलेलं. लाईक भरपूर आले, दाते खूश, मी खूश. आठवडाभरात ती पोरगी सायकल घरी ठेवून परत चालत यायला लागली, अडीच किलोमीटर. का विचारलं तर काही बोलेना, मग दुसऱ्या एका मुलीनं सांगितलं की सर, पोरं तिला "छत्री" म्हणून हाक मारतात. छत्र हरपलेली म्हणून छत्री. माझा शब्द होता तो. पोस्ट काढून टाकली पण तोवर ती कुठं कुठं गेली होती देवालाच माहीत, आणि सायकल पुढं तिच्या धाकट्या भावानं वापरली.

तर आता आमचा नियम असा: मदत घेतानाचा चेहरा कधीच नाही. गरिबी, जात, आजार, आईवडिलांचं भांडण, बापाचा मृत्यू यातलं काहीही नावाबरोबर नाही. बक्षीस, खेळ, नाटक याचे फोटो मुलाला आणि घरी विचारून, आणि नाव-वर्ग-गाव-शाळा असं सगळं एकाच ओळीत लिहायचं नाही, कारण त्यावरून पोर कुठं सापडेल ते कुणालाही कळतं. हातांचे, वहीचे, रांगोळीचे, पाठमोरे फोटो काढा की, छान येतात ते पण.

वरच्या ऑफिसला उपक्रमाचा फोटो पाठवावाच लागतो हे माहितीये आम्हाला, आम्ही पण तेच करतो. पण ऑफिसला पाठवणं वेगळं आणि तोच फोटो स्टेटसला, फेसबुकला आणि गावाच्या ग्रुपवर टाकणं वेगळं. ते दुसरं कुणीच मागितलेलं नसतं.

पालकांची सही घेतली की झालं ना?

कायद्याच्या बाजूनं सही लागतेच. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ च्या आतल्या प्रत्येकाला मूल धरतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती मागतो. आणि त्याच्या आधीच २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलंय, त्यात कुठं लिहिलं नाही की सातवी पास झाल्यावर लागू.

पण जूनमध्ये प्रवेशाच्या फॉर्मबरोबर दहा कागदांवर सह्या घेतो त्यातच ही पण एक, त्याला काय संमती म्हणायचं. आणि मुलाचं काय? बालहक्क संहितेवर भारतानं १९९२ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली, त्यात मुलाला स्वतःचं मत मांडायचा हक्क आहे आणि खाजगीपणाचा पण आहे. म्हणून फोटो काढल्यावर त्यालाच दाखवा, टाकू का विचारा, आणि नाही म्हटलं तर खरंच टाकू नका. हे "नको सर" ऐकून घेणं हाच पाठ आहे खरं तर, वेगळा तास लागत नाही त्याला.

पोस्ट किंवा पाठ बनवायला आपल्याकडचे विषय कुठले?

अहो आपल्याकडं काय कमी आहे. साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल आहे, ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव तिथल्या रजिस्टरला लागलं, त्यावेळी ते सरकारी हायस्कूल होतं. राज्यभर ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून करतात तो यामुळंच. खंडाळा तालुक्यात नायगाव, सावित्रीबाईंचा जन्म तिथला १८३१ चा. कर्मवीरांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि वेगवेगळ्या जातीची पोरं बोर्डिंगात एका पंगतीला बसवली. हे जयंती-पुण्यतिथीच्या बॅनरमधून बाहेर काढा, दोन मिनिटांचा ऑडिओ करा, पोरांच्या आवाजात, आपापल्या आजीला विचारून की तुझ्या वेळी शाळेत कोण कुठं बसायचं. आमच्या एका बाईंनी हे केलं, चेहरा नाही नाव नाही नुसते आवाज, आणि एक आजी म्हणते, "आमी भाईरच बसायचो, खिडकीपाशी." संविधानातलं कलम १५ आणि १७, म्हणजे भेदभाव आणि अस्पृश्यता बंदी, त्या दिवशी वेगळं समजवावं लागलं नाही म्हणाल्या.

दुसरा विषय नकुशी. मुलगी नको होती म्हणून नावच नकुशी. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं कार्यक्रम करून बदलली. नावाचा, ओळखीचा हक्क शिकवायला याच्यापेक्षा जवळचं उदाहरण मिळणार नाही, फक्त तुमच्या शाळेत किंवा गावात अशी कुणी असेल तर तिचं जुनं नाव चुकूनसुद्धा ऑनलाईन टाकू नका, नाव बदलून काय उपयोग मग.

आणि ऊसतोड. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात, कोप्या म्हणजे त्यांच्या झोपड्या पडतात कारखान्यापाशी, पोरं बरोबर असतात. ६ ते १४ च्या प्रत्येक पोराला शिक्षणाचा हक्क २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झालाय, कागदपत्रं नाहीत म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे आपल्या गावच्या लोकांना साध्या पोस्टरमधून कळवता येतं. कोपीच्या दारातल्या पोराचा केविलवाणा फोटो लावायची गरज नाही त्यात. हे मी मुद्दाम लिहितोय कारण प्रत्येक शिबिरात एक तरी पोस्टर तसंच येतं.

१० डिसेंबरला, मानवी हक्क दिनाला, काय करायचं असंही विचारतात, १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा ३० कलमांचा आहे, सगळा घेत बसू नका. पहिलंच कलम घ्या. इंग्रजी मसुद्यात तिथं "सगळे पुरुष" असा अर्थ निघेल असे शब्द होते, ते बदलून "सगळी माणसं" करायला लावलं आपल्या हंसा मेहतांनी. एक शब्द बदलला की काय होतं यावर मुली फार भारी बोलतात.

अफवा, फेक मेसेज वगैरे मानवी हक्कात कुठं येतं?

थेट जगण्याच्या हक्कात येतं, कलम २१.

सप्टेंबर २०२२, जत तालुक्यातलं लवंगा. चार साधू गाडीतून चालले होते, वाटेत एका मुलाला रस्ता विचारला. बास, पोरं पळवणारी टोळी म्हणून लोकांनी त्यांना मारलं. त्या दिवसात तसले मेसेज सगळीकडं फिरत होतेच. त्याच्या चार वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना याच अफवेवरून जीव जाईपर्यंत मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, भिक्षेला गेलेली, बहुतेक मंगळवेढ्याकडची. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं करून टाकलं. आपल्या फोनवर ती जी पाचची मर्यादा येते ना, तिच्यामागं ही माणसं आहेत. पोरांना हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो.

आणि खटाव तालुक्यातलं पुसेसावळी. १० सप्टेंबर २०२३. इन्स्टाग्रामवरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून रात्री जमाव जमला, जाळपोळ, एका तरुणाचा जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. खटाव-कऱ्हाडकडच्या शिक्षकांना हे घ्यायचं का नको असा प्रश्न पडतो आणि तो बरोबर आहे, कारण वर्गात दोन्हीकडची पोरं असतात, कुणाचा तरी चुलता त्या रात्री तिथं असतो. आमचं मत असं की जवळच्या गावात ती घटना घेऊ नका, लवंगा घ्या, राईनपाडा घ्या, पोरं आपणहून पुसेसावळीवर येतात. आली तर थांबवू नका, फक्त "कुणी केलं" इकडं गेलं की "मेसेज आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करता आलं असतं" इकडं वळवा. मोबाईलवर फोटोचा उलटा शोध, म्हणजे तो आधी कुठं आलाय ते, कसा घ्यायचा, तारीख कशी बघायची, स्क्रीनशॉट खोटा करणं किती सोपं आहे हे तिथंच करून दाखवा. खोटा स्क्रीनशॉट स्वतः बनवून दाखवल्यावर पोरांचा स्क्रीनशॉटवरचा विश्वास कायमचा उडतो.

पालक म्हणतात मास्तर राजकारण शिकवतायत, तेव्हा?

संविधानाची प्रास्ताविका दाखवायची. २०२० पासून परिपाठात म्हणतोच आपण ती. पक्ष, नेता, निवडणूक यातलं काही वर्गात आणायचं नाही, शाळेच्या ग्रुपवर तर नाहीच, आणि स्वतःच्या स्टेटसला पण जरा हात आखडता घ्या कारण गावाला तुमचं स्टेटस आणि शाळेचं मत यातला फरक कळत नाही. हक्कांबरोबर संविधानाच्या कलम ५१ क मधली कर्तव्यं पण घ्या, अर्धे पालक तिथंच शांत होतात. उरलेल्या अर्ध्यांना चहा पाजा, खरंच, नाहीतर पालक सभेला बोलावून पाठच दाखवा.

नोकरीवर येईल का काही?

झेडपीच्या लोकांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत, ते सोशल मीडियाच्या आधीचे असले तरी लागू आहेत. शिवाय राज्य सरकारनं जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडिया वापरावर शासन निर्णय काढलाय, वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवा, सरकारी धोरणावर टीका टाळा असा रोख आहे. तो मुळातून वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणारा सारांश वाचू नका. संविधान, बालहक्क, शिक्षण हक्क कायदा शिकवणं हे आपलं कामच आहे, त्यानं कुणाची नोकरी गेलेली मी बघितली नाही. मुख्याध्यापकांना आधी लेखी कळवा, केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला, आणि पाठ टिपणात नोंद करा.

याच प्रश्नाला जोडून वर्गात घेण्यासारखं एक उदाहरण: नोव्हेंबर २०१२, पालघर, मुंबई बंदबद्दल फेसबुकवर पोस्ट लिहिली म्हणून एका मुलीला अटक आणि ती पोस्ट लाईक केली म्हणून दुसरीला. पुढं माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या ६६ अ कलमाखाली असं व्हायचं ते सुप्रीम कोर्टानं मार्च २०१५ मध्ये रद्दच केलं. नववी-दहावीची पोरं यावर तासभर भांडतात, भांडू द्या.

मुलांना पर्सनल मेसेज करावा का?

नाही. पालकाच्या नंबरवर, किंवा दोन शिक्षक असलेल्या ग्रुपवर. रात्री आठनंतर तर अजिबात नाही. पुरुष शिक्षकांना हे दोनदा सांगतो आम्ही, राग आला तरी चालेल.

आणि मुलानंच मेसेज केला, काहीतरी गंभीर सांगितलं तर?

हे नीट वाचा. पोरं समोर बोलत नाहीत ते रात्री मेसेजमध्ये लिहितात, "बाई कुणाला सांगू नका" पासून सुरू होतं. तिथंच चूक होते, आपण लिहितो "नाही सांगणार". असं वचन देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुला मदत मिळावी म्हणून ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन" असं लिहा. खोदून खोदून प्रश्न विचारत बसू नका, मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून स्टाफ ग्रुपवर तर टाकूच नका.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पॉक्सो, म्हणजे २०१२ चा कायदा, सांगतो की कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, नाही कळवलं तर तो गुन्हा आहे. संस्थेचं नाव जाईल, गावात मिटवू, मुलीचं लग्न अडेल, हे सगळं ऐकायला मिळेल तुम्हाला, मोठ्या मोठ्या माणसांकडून मिळेल. तरी कळवायचं. १०९८ ही मुलांची हेल्पलाईन आहे, चोवीस तास. फोटो-व्हिडिओ पसरवायची धमकी असेल तर सायबरसाठी १९३०. शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, कागदावर असेल तर आधी तिला कागदावरून खाली आणा.

आणि त्या मुलाची ओळख कळेल असं काहीही कुठंही टाकायचं नाही, शाळेचं नावसुद्धा नाही. निषेधाची पोस्ट, मेणबत्त्या, "आमच्या लेकीला न्याय द्या" हे सगळं कितीही मनापासून असलं तरी शाळेचं नाव आलं की अख्ख्या तालुक्याला मुलगी कळते, आणि कायद्यानं पण तो गुन्हाच आहे.

कुठलं अॅप बरं?

पालक जिथं आहेत ते, म्हणजे व्हॉट्सअॅप. साध्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आयांना नंतर नको ते मेसेज येतात, हे झालेलं आहे. त्यापेक्षा कम्युनिटीचा सूचना ग्रुप किंवा चॅनेल करा, तिथं एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. यूट्यूबवर मुलांसाठीचा व्हिडिओ टाकताना "मुलांसाठी बनवलेला" हे निवडलं की कमेंट आपोआप बंद होतात, बरं असतं ते. टेलिग्राम नको, आमचं वैयक्तिक मत.

किती वेळ जातो यात? आधीच ऑनलाईन माहित्या भरून जीव गेलाय

आठवड्याला एक तास. त्याहून जास्त जायला लागला तर तुम्ही शाळेचं पेज चालवताय, शिकवत नाही.

आमच्याकडं रेंजच नाही, आम्ही येऊन काय करू?

पाटण, जावळी, शिराळ्याच्या वरच्या अंगाच्या शाळांमधून हे विचारतात, दोनशिक्षकी शाळा, पट अकरा-बारा. या तुम्ही, तुमच्यासाठी कागदी व्हॉट्सअॅप आहे. प्रत्येक पोराला एक वही, ती वही म्हणजे त्याचा फोन. एका चिठ्ठीवर मेसेज लिहून सोडायचा, ज्याला मिळेल त्यानं हातानं उतरवून पुढं पाच जणांना द्यायचा, आणि वाटलं तर एक शब्द वाढवायचा. घंटा झाली की सगळ्या चिठ्ठ्या फळ्यावर लावायच्या, पहिली आणि शेवटची शेजारी.

पाटणकडच्या एका शाळेत पहिली चिठ्ठी होती "उद्या डॉक्टर येणार आहेत". शेवटची होती "उद्या सगळ्यांना सुई, दोन पोरं मेली". मधल्या चिठ्ठ्या हातात घेऊन कोणता शब्द कुणी घातला ते पोरांनीच शोधून काढलं, अक्षरावरून. "मेली" लिहिणारा चौथीतला होता, म्हणाला सर नुसती सुई लिहिली असती तर कुणी पुढं पाठवलंच नसतं.